भिजकीचं रिकामं कडवं

स्टेजवर जायच्या आधी लुडी कॉडिलच्या अंगावर एक बादली पाणी ओतलं जायचं. ओतायचं काम धाकट्या भावाचं, एस्टिलचं. पाणी नळाचं चालत नसे, ब्लेअर नदीचंच लागे. ट्रकच्या मागे दुधाचा एक मोठा कॅन दोरानं बांधलेला असायचा. गाणं डोंगराच्या अल्याड असो का पल्याड, पाणी त्याच कॅनमधलं. जानेवारीत त्याच्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा, तो एस्टिल मुठीनं फोडायचा.

"आक्का, दात आवळ," एवढंच म्हणायचा आणि डोक्यावरनं ओतायचा.

मग लग्नाचा पांढरा झगा अंगाला चिकटलेला, केसांतनं पाणी ठिबकतंय, झग्याचा खालचा काठ चिखलानं काळा, अशी ती पडद्यामागून यायची आणि माइकपुढच्या रबरी चटईवर उभी राहायची. हसायची नाही. कसं काय मंडळी म्हणायची नाही. दोन गाण्यांच्या मधे एक शब्द बोलायची नाही. बाहेरच्या पाटीवर 'बुडालेली नवरी' असं रंगवलेलं असायचं, पण खाणीतली माणसं तिला भिजकी म्हणत आणि तेच नाव चाललं.

झगा तिचा नव्हता. तिच्या थोरल्या बहिणीचा, ऑर्फाचा होता.

कॉडिलांच्या घरात बापाचा पट्टा दारामागच्या खिळ्याला असायचा. खाणीचं छत कोसळून बाप गेला, पट्टा तिथंच राहिला, आणि तिन्ही पोरं पुढं वर्षभर त्याच्या बाजूनं जाताना अंग चोरायची. ऑर्फा त्यातल्या त्यात धीट. तिनंच एक दिवस तो काढून चुलीत घातला. घरभर चामड्याचा वास सुटला. आईनं फक्त दार उघडून ठेवलं.

त्याच ऑर्फानं हार्ज स्पर्लॉकशी लग्न केलं. हार्ज लाकडाच्या गिरणीचा ट्रक चालवायचा. उंच, नाचायला पटाईत, आणि दात असे की हसला की बायका पदार्थ करपवायच्या. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात ऑर्फाच्या मनगटावर निळं दिसलं. सहाव्या महिन्यात ओठ शिवून आणावा लागला. तिसऱ्या हिवाळ्यात, एकोणीसशे सेहेचाळीस साली, चुलीतली लोखंडी सळई त्यानं तिच्या डोक्यात घातली आणि झुलत्या पुलावरनं तिला ब्लेअर नदीत टाकून दिलं. दोन दिवसांनी ती गिरणीच्या बंधाऱ्यात, अडकलेल्या ओंडक्यांत सापडली.

लुडीनं आणि आईनं तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर धुतलं. लुडी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं केस बाजूला करून बोटानं मोजलं. डोक्याला तीन खोका होत्या. नदीतला दगड एकदा मारतो, तीनदा मारत नाही, हे तिला त्या वयातही कळत होतं.

पण शेरीफ हार्जच्या मावशीचा नवरा. मरणाची चौकशी करायला सहा माणसं बसवली, त्यांचा म्होरक्या क्रिट हेन्सली न्हावी. त्यानं टोपी हातात फिरवत सांगितलं, "पाय घसरला. पाण्यानं गेली. कुणाचा दोष न्हाई."

जमीन गोठून दगड झाली होती. थडगं खणायला कुणी येईना, स्पर्लॉकांची भीती. शेवटी खांद्यावर कुदळ टाकून एक माणूस आला, तो हार्जचा बाप. सगळे त्याला पॅप म्हणत. दिवसभर एकटा खणत राहिला, पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि संध्याकाळी कुणाकडे न बघता निघून गेला. त्या दिवसापासून तो लेकाशी बोलला नाही. एकाच उतारावर दोन घरं, पण धुराड्यांतला धूर तेवढा एकमेकांत मिसळायचा.

हार्जनं ऑर्फाची पेटी रस्त्यावर भिरकावली. पेटीत लग्नाचा झगा होता. लुडीनं तो उचलला आणि घरी आणला.

वसंतात तिनं गाणं बांधलं. डोंगरात खून झाला की गाणं बांधायचंच, ही रीत फार जुनी. कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या दिवशी, कशानं मारलं, मुलीचे केस कोणत्या रंगाचे होते, सगळं गाण्यात येतं. पण एक गोष्ट यायची नाही. मारणारा जिवंत असेतोवर त्याचं नाव घ्यायचं नाही. फासावर गेला, गोळीनं गेला, नाहीतर खोकून खोकून म्हातारपणी गेला, मग नाव घालायचं, आणि मग ते नाव शंभर वर्षं निघत नाही. लुडीनं पाच कडवी बांधली होती, पाचव्यात नाव होतं. आईनं ऐकलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"पाचवं गायाचं न्हाई."

"त्यानंच मारलं. सगळ्यांस्नी ठावं हाय."

"ठावं असू दे. जित्त्या माणसाचं नाव गाण्यात घेतलं की त्येला आपल्यावर गोळी झाडायचा हक्क मिळतो. माझ्या बापाच्या येळंला एका नावापायी अकरा माणसं गेली, त्यात माझे दोन भाऊ. त्यो मरू दे. मग गा, घसा फुटंस्तवर गा."

म्हणून पाचव्या कडव्याला लुडी तोंड मिटायची. वाजवणारे वाजवत राहायचे, आठ ओळी पुऱ्या, शब्दावाचून. कुणाचं नाव तिथं बसतं हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. त्या कडव्याला पुरुष आपोआप उठून उभे राहायला लागले आणि टोप्या काढायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

लुडीला आयुष्यात एवढंच हवं होतं. त्या आठ ओळींत नाव घालायचं. लग्न, पोरं, चांगलं घर ह्यांतलं काही मागितलं नाही. हार्ज आपल्या आधी मेला पाहिजे, एवढ्यासाठी ती जपून राहायची. खोकला झाला तरी घाबरायची.

हार्जलाही हे ठाऊक होतं, आणि त्याला नाव हवंच होतं, गोळीच्या हक्कासाठी. एकदा भर दुपारी तो पिऊन कॉडिलांच्या अंगणात आला, हातात बंदूक. गाय झाडाखाली रवंथ करत होती. तिच्या कानामागे नळी लावली.

"घे की नाव," म्हणाला. "एकदाच घे. तुझ्या बहिणीपेक्षा तुझा आवाज ग्वाड हाय."

लुडी दारात उभी. तोंड मिटलेलं.

त्यानं चाप ओढला. गाय गुडघ्यांवर बसली, प्रार्थनेला बसल्यासारखी, मग कुशीवर पडली. पुढच्या वर्षी त्यानं गोठाही जाळला. लुडीनं नाव घेतलं नाही. आई पंचावन्न साली गेली, तिनंही शेवटपर्यंत घेतलं नाही.

गाणं व्हायचं ते जास्त करून 'लाल कंदील'मध्ये. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून हा अड्डा हद्दीच्या अगदी दोन पावलं पलीकडे. मालकीण ओमा, दीडशे किलोची बाई, काउंटरवर बसली की उठायचीच नाही. आत येणाऱ्यानं पिस्तूल तिच्यापुढच्या डब्यात टाकायचं. सुरा मात्र चालायचा, कारण सुऱ्याशिवाय डोंगरातला माणूस भाकरीही खात नाही. शनिवारी खाणीची पाळी सुटली की चार वाजता अंगावरच्या कोळशासकट माणसं यायची आणि पाच वाजता पहिली खुर्ची मोडायची. स्टेजच्या पुढं वरपासून खालपर्यंत कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी ठोकलेली होती, बाटल्या अडवायला. जाळीची एक बाजू पाण्याच्या नळाला तारेनं आवळलेली.

ओमानं पहिल्याच दिवशी लुडीला बजावलं होतं.

"इथं एकच नेम हाय पोरी. मारामारी लागली की बाजा थांबवायचा न्हाई. बाजा चालू हाय तवर ती मारामारी. बाजा थांबला की लढाई."

"आन् कुणी मेला तर?"

"तर जरा हळू वाजवायचं."

हा नेम त्यांनी पाळला. एका शनिवारी दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांना असं धरलं की एकाचा कान दुसऱ्याच्या तोंडात राहिला. बाजा थांबला नाही. एकदा एस्टिल मांडीवर स्टील गिटार घेऊन बसला असताना जाळीच्या फटीतनं कुणीतरी सुरा खुपसला, तो त्याच्या मांडीत दोन बोटं गेला. त्यानं ते गाणं संपवलं, मग सुरा काढला, मग आडवा झाला. आणखी एकदा बाटली जाळीच्या वरच्या फटीतनं आली आणि लुडीची भुवई फुटली. रक्त आणि नदीचं पाणी मिळून झगा कमरेपर्यंत गुलाबी झाला. ती गात राहिली. लोकांना वाटलं हे खेळातलंच आहे, त्यांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"फुडच्या शनवारीबी थोडं रक्त लाव की," ओमा म्हणाली.

"तुझ्या डोसक्यावर बाटली फोड, ते लावते."

"माझ्या डोसक्यातनं निस्ती चरबी निघंल, बाई."

आता विजेचं सांगायला हवं. माइकचा आवाज मोठा करणाऱ्या मशीनच्या प्लगला त्या काळी दोनच दांड्या असायच्या, उलटा घातला तरी आत जायचा. उलटा गेला की माइकमध्ये करंट यायचा. कोरड्या माणसाच्या ओठाला मुंगी चावल्यासारखं व्हायचं, तेवढंच. पण लुडी नखशिखान्त ओली. म्हणून रबरी चटई, आणि म्हणून गाण्याआधी एस्टिलचं ठरलेलं काम. एक हात जाळीला, म्हणजे नळातनं थेट जमिनीला, लावायचा आणि दुसऱ्या हाताची मागची बाजू माइकला टेकवायची. मागचीच बाजू. तळव्यानं धरलं तर मूठ मिटते आणि मग उघडत नाही. झिणझिणलं तर प्लग काढून उलटा घालायचा. गाताना मधेच ओठाला लागलं तर लुडी डाव्या हातानं ओठ पुसायची, की एस्टिल वाकून प्लग फिरवायचा. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं.

बासष्टच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी चार वाजता, हार्ज 'लाल कंदील'मध्ये आला.

ह्याआधी तो कधीही आला नव्हता. पिस्तूल ओमाच्या डब्यात टाकलं, तिला डोळा मारला आणि सरळ जाळीसमोरच्या टेबलावर जाऊन बसला. केस पांढरे व्हायला लागले होते, दात अजून तसेच. सोबत त्याची दुसरी बायको, रीटा. वय बावीस-तेवीस. डोळ्याखाली पावडरचा थर, आणि त्या थराखालून पिवळं दिसत होतं.

एस्टिलनं कॅनमधलं पाणी बादलीत ओतलं.

"आक्का, आज नगं. मी सांगतो ओमा मावशीला, घसा बसलाय म्हणून."

"माझा घसा कवा बसला हाय का?"

"त्यो मुद्दाम आलाय."

"मीबी मुद्दामच उभी ऱ्हाते. वत."

"दात आवळ."

गडबडीत एस्टिलनं माइक तपासला नाही. पहिल्याच ओळीला लुडीच्या ओठावर ठिणगी बसली. तिनं डाव्या हातानं ओठ पुसला. एस्टिल वाकला, आणि त्याच क्षणी मागे भांडण पेटलं. एका खाणकामगारानं हार्जच्या पाठीवर थुंकल्यावरनं स्पर्लॉकांच्या भावकीतल्या एकानं त्याच्या तोंडावर बाटली हाणली. दोन टेबलं उलटली. कुणीतरी खुर्ची फेकली, ती जाळीतनं आरपार गेली, आणि जाळी खांद्याइतक्या उंचीवर फाटून आत लोंबायला लागली. एस्टिल मशीन वाचवायला उभा राहिला. फिडलवाला डोळे मिटून त्याचं व्हायोलिन वाजवतच होता. ओमा काउंटरवर बसल्या बसल्या म्हणाली, "खुर्च्या माझ्या हायेत, दात तुमचे. खुर्च्या सांभाळा." हळूहळू निवळलं. फुटलेल्या तोंडाच्या माणसाला बाहेर नेऊन ट्रकमध्ये टाकलं. प्लग तसाच राहिला.

हार्ज ह्या सगळ्यात जागचा हलला नव्हता. बिअर पीत होता. आणि लुडीनं पाहिलं की टेबलाखाली त्यानं रीटाचं एक बोट धरलंय आणि तो ते सावकाश मागे वाकवतोय. रीटा समोर बघत होती. तोंडातनं आवाज नाही, फक्त नाकपुड्या फुगलेल्या. ऑर्फा माहेरी आली की जेवायला बसताना असाच चेहरा करायची. बोट कडकन वाजलं असेल, बाजात ऐकू आलं नाही.

दुसऱ्या गाण्यालाही ओठाला करंट चावत होता. लुडीनं ओठ पुन्हा पुसला नाही. तोंड माइकपासून दोन बोटं मागं घेतलं आणि गात राहिली. एस्टिल तिच्या डाव्या हाताकडे बघत होता. हात खालीच होता, म्हणून त्याला वाटलं आता ठीक आहे.

मग ते गाणं आलं. पहिलं कडवं, नदीचं. दुसरं, लग्नाचं. तिसऱ्यात लोखंडी सळई. चौथ्यात बंधारा आणि ओंडके. मग लुडीनं तोंड मिटलं, फिडल हळू झाली, आणि सगळी माणसं उठून उभी राहिली. टोप्या काढल्या.

हार्जही उठला. टोपी डोक्यावरच. बिअरनं बोटं ओली, फेस मनगटावरनं ओघळतोय. जाळीपाशी आला.

"सोळा वर्सं ही जागा रिकामी ठिवलीस," म्हणाला. जवळच्यांना सगळ्यांना ऐकू गेलं. "बाईमाणसाला जमत न्हाई ते. आज म्या भरतो. सांगतो तुमच्या ऑर्फाचं, ती काय लायकीची हुती."

आधाराला डाव्या हातानं त्यानं जाळी पकडली. उजवा हात फाटलेल्या जागेतनं आत घातला.

लुडी माइक तिथंच ठेवून चटईवर एक पाऊल मागं सरकली, वाट दिल्यासारखी.

त्यानं माइक तळव्यानं धरला.

मूठ मिटली. कर्ण्यातनं एक आवाज आला, घोगरा, लांबलचक. वरचे दिवे क्षणभर मंद झाले. लोकांना वाटलं, गाण्याची टिंगल करतोय, वाकुल्या दाखवतोय. एकजण म्हणाला, "निर्लज्ज," आणि टोपी छातीशी धरून तसाच उभा राहिला. हार्जचे ओठ हिरड्यांच्या वर ओढले गेले, ते दात सगळ्यांना दिसले. मान मागं ताणलेली. बूट जमिनीवर ताल धरल्यासारखे आपटत होते. जाळी सबंध थरथरत होती.

एस्टिलला कळलं. त्यानं खाली झेप घेऊन प्लगवर हात ठेवला आणि वर बहिणीकडे पाहिलं.

लुडी मोजत होती. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटावर. एक ओळ. दुसरी ओळ. फिडलवाल्याचे डोळे मिटलेले होते. हे कडवं तो नेहमीच रेंगाळत वाजवायचा, आजही तसंच वाजवलं. चौथी. पाचवी. करपल्याचा वास यायला लागला, चुलीत चामडं पडल्यासारखा. सहावी. हार्जच्या बोटांतनं धूर निघाला. सातवी. आठवी ओळ पुरी झाली, शेवटचा सूर लांबून विरला, तेव्हा लुडीनं मान हलवली.

एस्टिलनं प्लग उपसला.

हार्ज जाळीत अडकून तसाच लटकत राहिला, मग जाळीसकट खाली आला. टोप्या अजून लोकांच्या हातातच होत्या. कुणीतरी त्याला उताणा केला, छातीवर कान ठेवला, आणि उठून गुडघे झाडले.

रीटा टेबलापाशी उभी होती. मोडलेलं बोट दुसऱ्या हातात धरलेलं. तिनं त्याचा अर्धा ग्लास उचलला, उरलेली बिअर सगळी प्याली, ग्लास जागेवर ठेवला आणि खाली बसली.

मेलेला इकडच्या जिल्ह्यातला, म्हणून चौकशीला पुन्हा इथलीच सहा माणसं, पुन्हा क्रिट हेन्सली. सोळा वर्षांनी त्याचा हात एवढा कापायचा की लोक दाढी दुसरीकडे करत. ओमाच्या काउंटरला टेकून त्यानं विचारलं, "एस्टिल, त्यो चिकटलेला दिसत हुता, मग लगोलग प्लग का न्हाई काढलास?"

"मारामारी हाय असं वाटलं. बाजा थांबवायचा न्हाई असा मावशीचा नेम हाय."

सहाही जणांनी माना डोलावल्या. तो नेम त्यांनाही ठाऊक होता. दोघांनी त्यापायी दात घालवले होते.

"रीटाबाई, कुणी ढकललं का त्येला?"

"न्हाई. त्येनं स्वताच हात घातला," रीटा म्हणाली. "त्यो कायम स्वताच हात घालायचा."

क्रिटनं टोपी हातात फिरवली. लुडीकडे बघितलं, चटकन नजर काढून घेतली. "अंगावर बिअर, खाली वल. पाण्यानं गेला. कुणाचा दोष न्हाई."

घरी येताना ट्रक एस्टिल चालवत होता. कॅन मागं रिकामा आपटत होता.

"चौथ्या वळीला म्या उपसणार हुतो," एस्टिल म्हणाला.

"मग?"

"तू मान हलवली न्हाईस."

"न्हाई हलवली."

घरी गेल्यावर तिनं वालाचं पातेलं तापवलं, मक्याची भाकरी कुस्करून त्यात घातली आणि दोनदा वाढून घेतलं. एस्टिलनं ताट सरकवून दिलं. तिनं त्याचंही खाल्लं.

पुढच्या शनिवारी 'लाल कंदील'पुढं रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रक उभे. तीन जिल्ह्यांतली माणसं आली होती. पाचवं कडवं भरणार, हे सगळ्यांना न सांगता माहीत होतं. ओमानं नवी जाळी ठोकून घेतली, दुप्पट जाड. खुर्च्या संपल्या म्हणून लोक बिअरच्या खोक्यांवर बसले.

मागच्या बाजूला, ट्रकपाशी, लुडी झगा घालून उभी होती. आठवडाभर तिनं नाव तोंडात घोळवलं होतं. हार्ज स्पर्लॉक. चालीत नीट बसत होतं, पहिल्या दिवसापासून बसत होतं. एस्टिल बादली भरत होता, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा ट्रकला वळसा घालून आला. पॅप. वय एक्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण खांदे अजून कुदळीचे.

एस्टिलनं बादली खाली ठेवून खिशातल्या सुऱ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे रं," पॅप म्हणाला. "तुला मारायला मला आख्खी दुपार लागंल. तेवढा येळ न्हाई." मग लुडीकडे वळला. "पोरी, आज नाव घालणार म्हनं."

"व्हय. त्यो मेला. आता रीतीत बसतं."

"बसतं. त्येच्याबद्दल मी काय म्हनत न्हाई. तुझ्या भनीचं थडगं म्या खणलं, त्येचंबी म्याच खणलं. दुसरं जरा सोपं गेलं, जमीन मऊ हुती." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "पर माझं नाव काय हाय?"

"पॅप."

"हे लोकांनी पाडलेलं. आईबानं ठिवलेलं?"

स्पर्लॉकांच्यात पहिल्या मुलाला बापाचंच नाव देतात, सगळ्या डोंगरात देतात. हे लुडीला जन्मापासून माहीत होतं, आणि सोळा वर्षं एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"हार्ज," म्हातारा म्हणाला. "हार्ज स्पर्लॉक. चर्चच्या वहीत, मतदानाच्या यादीत, समद्या कागदांवर. आन् मी जित्ता हाय."

एस्टिल म्हणाला, "लोकांस्नी कळतं की पॅप, कुठला हार्ज ते."

"आज कळतं. पन्नास वर्सांनी कळणार न्हाई. तवा नाव ऱ्हाईल आन् नावाखालचा माणूस बदलंल. पर मी काय मागायला आलो न्हाई. घालायचं तर घाल. जित्त्याचं नाव घेतलं तर मला जो हक्क मिळतो, त्यो म्या वापरणार न्हाई, एवढं सांगाया आलो."

लुडीनं त्याच्या बुटांकडे बघितलं. ती माइकला चिकटलेल्या माणसाकडे बघत आठ ओळी मोजू शकली होती. ह्या माणसापुढं तिची मान वर होईना.

"किती वर्सं थांबावं लागंल?" तिनं विचारलं.

"आमच्यात नव्वदीच्या आत कुणी जात न्हाई," पॅप म्हणाला. "विजेनं नेलं न्हाई तर."

तो काठी टेकत पुढच्या दाराकडे गेला. एस्टिलनं बादली उचलली, पण ओतली नाही.

"काय करणार, आक्का?"

"वत."

"दात आवळ."

चौथं कडवं संपलं. मग लुडीनं तोंड मिटलं. फिडल हळू झाली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी उठलं नाही, कुणी टोपी काढली नाही, ते नाव ऐकायला आले होते.

"आगं घे की आता," मागून कुणीतरी ओरडलं. "मेला की त्यो."

"का भूत व्हऊन यील म्हनून घाबरतीस, भिजके?"

तिसऱ्या ओळीला पहिली बाटली आली. नव्या जाळीवर फुटून फेस लुडीच्या तोंडावर उडाला. मग दुसरी, मग पाच-सहा एकदम. लांबून आलेल्या माणसांना वाटलं, आपल्याला फसवलं. एका खोक्यावरनं दुसरं खोकं उलटलं, कुणी कुणाचा गळा धरला, ओमानं काउंटरखालचा दांडका काढून जवळच्या डोक्यात घातला. काच पावसासारखी जाळीला लागत होती. एक तुकडा आत आला आणि लुडीच्या जुन्याच भुवईत बसला. रक्त डोळ्यात उतरलं. तिनं ते पुसलं नाही.

बाजा चालू होता.

जाळीच्या पुढं, त्याच टेबलापाशी, पॅप एकटा उभा होता. टोपी छातीशी. आजूबाजूला खुर्च्या उडत होत्या, एक माणूस त्याच्या काठीला अडखळून पडला, तो हलला नाही. चांगला डोळा लुडीवर होता. लुडीनं अंगठा तर्जनीवर ठेवला आणि मोजत राहिली. पाचवी ओळ. सहावी. पॅपचा बूट ताल धरत होता, जरा मागं पडून, म्हातारी माणसं धरतात तसा.